बाई बोलावत्यात

"तुमच्या वस्तीतली पोरं फुकटचं गाणं ऐकायला आली होती, बाई. फुकटच्या ठिकाणी शिस्त कुठून येणार?"

हे वाक्य माझ्या घरात, माझ्या वेताच्या खुर्चीत बसून बोललं गेलं. बोलणारा प्रशांत, आमच्या शिक्षण संस्थेचा सेक्रेटरी. आठवीत तो माझ्या वर्गात होता. इंग्रजी वाचताना अडखळायचा, आणि मुलांनी हसू नये म्हणून मी त्याच्या बाकाशेजारी जाऊन उभी राहायचे. आता त्याच्यासमोर मी चहा ठेवला होता. त्यानं कपाला हात लावला नाही. बोलता बोलता चहावर साय धरली. त्याच्या वडिलांनीही या घरात कधी चहा घेतला नव्हता. का, ते कुणी कधी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरज नव्हती.

शेजारच्या गल्लीत तेजूची आई भिंतीला पाठ लावून बसलेली होती. शेजारच्या घरांतून तिच्याकडे डबे जात होते आणि झाकण न उघडता परत येत होते. तिची एकुलती एक मुलगी गर्दीत चेंगरून मेली होती. त्या मुलीबद्दल हा माणूस माझ्या घरात 'फुकटचं' हा शब्द वापरत होता.

मी काय म्हणाले?

मी म्हणाले, "चहा गार होतोय, प्रशांत."

सम्यक, ऊर्जा, तुमची ही आजी या उन्हाळ्यात तुमच्याकडे येणार होती आणि आता येत नाही, हे आईनं तुम्हाला सांगितलं असेल. कारण तब्येतीचं सांगितलं असेल. माझी तब्येत ठणठणीत आहे. खरं कारण मी इथे लिहिते. जन्मभर मी इंग्रजी शिकवलं, तुमच्याशीही फोनवर इंग्रजीतच बोलते, पण हे मराठीत लिहिते. इंग्रजीत मला सभ्य शब्द फार लवकर सापडतात. त्या भाषेत मी स्वतःला चटकन माफ करून टाकीन. कुठे अडलं तर आईला विचारा. ती याच वस्तीत वाढली आहे.

निबंध शिकवताना मी मुलांना सांगायचे, आधी काय झालं ते लिहा, काय वाटलं ते नंतर. तसंच करते.

सुरुवात तात्यांपासून होते. तात्या म्हणजे संस्थेच्या आत्ताच्या चेअरमनांचे वडील. गावातले सगळ्यांत मोठे बागायतदार. शाळा त्यांनीच काढली. मी सातवीत होते. त्यांच्याकडे नगरहून पाहुणे आले की वस्तीत निरोप यायचा आणि माझी आई माझी वेणी घट्ट घालून मला पाठवायची. पाहुणे वर ओसरीवर, खुर्च्यांत. मी पायऱ्यांच्या खाली, अंगणात. तात्या म्हणायचे, "म्हण गं." मी इंग्रजीचा धडा पाठ म्हणायचे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. एकदा एकही शब्द चुकला नाही, आणि पाहुणे हसले. चुकले असते तर कदाचित हसले नसते. एक जण म्हणाला, "यांची पोरगी बोलती की हो!" तात्या म्हणाले, "शाळा माझी हाय. माझ्या शाळेत दगडबी बोलतो."

मला लाज वाटली. पण त्याहून जास्त मला अभिमान वाटला. दगड म्हटल्याचा नाही, बोलतो म्हटल्याचा. घरी येऊन मी आईला फक्त अर्धंच वाक्य सांगितलं.

पुढे त्याच शाळेत मला नोकरी लागली. त्याच शाळेतून मी मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. आमची वस्ती बौद्धांची. आजोबांनी दीक्षा घेतली, वडिलांनी मला शिकवलं, आणि मी गावाच्या व्यासपीठावर जाऊन बसले. असं आम्ही सगळे अभिमानानं सांगायचो. व्यासपीठावर माझी खुर्ची नेहमी शेवटची असायची, हे सांगायचो नाही. सत्कार सुरू झाले की पहिल्या खुर्चीपासून शाली निघायच्या. माझ्यापर्यंत येईतो शाली संपायच्या आणि गुलाबाचं फूल उरायचं. मी ते घरी आणून पेल्यात, पाण्यात ठेवायचे.

माईक मात्र माझ्याकडेच असायचा. निवृत्तीनंतरही. संस्थेचा कुठलाही कार्यक्रम असो, निवेदन बाईंचं. माझा आवाज मोठा नाही, पण तो पोचतो. रस्त्यानं जाणाऱ्या पोरांना मी नुसतं 'ए' म्हटलं की सायकली थांबायच्या. आता त्या पोरांची लग्नं झाली, मोटारसायकली आल्या, तरी थांबतात. मला ते आवडायचं.

तेजू माझी नक्कल करायची. शेजारच्या गल्लीतली, कमलची मुलगी. नर्सिंगला जायचं म्हणून संध्याकाळी माझ्याकडे इंग्रजी बोलायला यायची. जाताना दारात उभी राहून, कमरेवर हात ठेवून माझ्याच आवाजात म्हणायची, "मुलांनो, रांगेत!" एकदा विचारते कशी, "बाई, खरं सांगा, तुमी झोपंत पन रांगेतच झोपता ना?" मी तिला खोटं खोटं रागावले. ती गेल्यावर एकटीच हसत बसले.

आता त्या दिवसाचं.

चेअरमनांचा वाढदिवस होता. संस्थेच्याच कॉलेजच्या मैदानात अभीष्टचिंतन सोहळा, आणि त्यात मोबाईलवर गाजलेला एक गायक येणार होता. मैदानाला दगडी कंपाउंड आहे. पुढे हमरस्त्यावर मोठं गेट, मागे एक लहान गेट. आमच्याकडे हल्ली हारांची जागा यंत्रांनी घेतली आहे. माणूस जितका मोठा तितकं यंत्र मोठं. क्रेनला हार टांगतात. जेसीबीच्या बकेटमध्ये झेंडूच्या पाकळ्या भरतात आणि पाहुण्याची गाडी खालून गेली की वरून ओततात. मोबाईलवर ते फार छान दिसतं. त्या दिवशी मोठ्या गेटच्या आत, दोन्ही बाजूंना एकेक जेसीबी उभा होता. मध्ये एक गाडी जाईल एवढी जागा. हे गेट आहे, येण्याजाण्याची वाट आहे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मी व्यासपीठावरून त्या जेसीबींकडे कितीदा तरी पाहिलं. माझ्याही डोक्यात आलं नाही.

फुलं नानांच्या मळ्यातली होती. नाना म्हणजे गावातले शेतकरी, घरचा झेंडू लावणारे. त्यांचा गणेश कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. सकाळी त्यानंच मित्रांना घेऊन पाकळ्या बकेटमध्ये भरल्या.

दुपार कलली होती, पण ऊन होतं. मुलंमुली मैदानाच्या मागच्या बाजूला, कॉलेजच्या पायऱ्यांवर सावलीला बसली होती. गप्पा मारत होती. निवांत होती. तेजू तिच्या मैत्रिणीबरोबर, सोनालीबरोबर, वरच्या पायरीवर होती. तिनं मला लांबून हात केला. मी व्यासपीठावर होते म्हणून उलट हात केला नाही. नुसती मान हलवली.

तेवढ्यात प्रशांत वर आला आणि माझ्या कानाशी वाकला.

"बाई, गाडी फाट्यावर आलीय. गेटपाशी कुणीच नाही. ड्रोन वर गेलाय, सगळं मोकळं मोकळं दिसतंय. पोरांना गेटकडं घ्या. तुमचंच ऐकतील."

तुमचंच ऐकतील. मी लगेच माईक हातात घेतला.

"मुलांनो, उठा. सगळ्यांनी मोठ्या गेटकडे यायचं आहे. पाहुण्यांचं स्वागत करायचं आहे. धावायचं नाही. रांगेत या."

ती धावली नाहीत. हे मी पुन्हा लिहिते, कारण पुढे सगळीकडे उलट सांगितलं गेलं. ती धावली नाहीत. उठली, कपडे झटकले आणि चालत निघाली. त्यांतली निम्मी माझ्या शाळेतून गेलेली होती.

गायकाची गाडी गेटात शिरली. तिच्या मागे फाट्यापासून मोटारसायकलींवरून आणि पायी आलेली गर्दी होती. ती गाडीच्या मागोमाग आत रेटत आली. आतून मी पाठवलेली मुलं गेटाकडे आली. मध्ये दोन जेसीबी. गाडी थांबली. मागच्यांना पुढचं दिसत नव्हतं, ते ढकलत राहिले. मुलांना मागे फिरता येईना, कारण त्यांच्या मागे मुलंच होती. जेसीबी आणि गेटाचा खांब यांच्यामधल्या सांदीत काही जण दाबले गेले, आणि त्यांच्यावर बाकीचे पडले.

मला व्यासपीठावरून फक्त डोकी दिसत होती. डीजे एवढा मोठा होता की ओरडणं आमच्यापर्यंत आलं नाही. जेसीबीवाल्यालाही आलं नाही. त्यानं ठरल्याप्रमाणे बकेट वर नेलं आणि उलटं केलं. पिवळा, केशरी पाऊस पडावा तशा पाकळ्या खाली आल्या.

मी टाळ्या वाजवल्या.

माईक माझ्या हातात होता. त्यामुळे त्या टाळ्या स्पीकरवरून सगळ्या मैदानाला ऐकू गेल्या.

पाच मुलं गेली. तिघं आमच्या वस्तीतली, त्यांत तेजू. दोघं गावातली, त्यांत गणेश. गायकाला आणि चेअरमनांना मागच्या लहान गेटानं काढून दिलं. ते गेट तोपर्यंत रिकामं होतं.

तेजूला अंघोळ घालताना मी तिथे होते. कमल तिचे केस विंचरत होती आणि केसांतून पाकळ्या निघत होत्या. कुणीतरी म्हणालं, आता पुरे कर. ती म्हणाली, "निघत्यात अजून." आणि विंचरत राहिली. आम्ही सगळ्या जणी ताटकळत उभ्या होतो. कुणी तिचा हात धरला नाही.

विहारात पुण्यानुमोदनाला वंदना म्हणताना माझा आवाज नेहमीसारखा पुढे गेला नाही. मी ओठ हलवत होते. गावातही सुतक उतरलं होतं. नानांनी उभ्या झेंडूत मेंढरं सोडली. मारुतीच्या देवळात त्या दिवसांत झेंडू चढला नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं, आपोआप चढला नाही. एक दिवस नाना वस्तीत आले आणि कमलच्या अंगणात जमिनीवर बसले. माझ्या आठवणीत त्यांच्या घरचं कुणी कधी वस्तीत येऊन बसलेलं नाही. उठताना नाना म्हणाले, "येतो, ताई." बस्स.

टीव्हीवर मात्र सांगत होते, हुल्लडबाज तरुणांनी गेटवर धाव घेतली. संस्थेनं तसंच पत्रक काढलं होतं.

आणि मग प्रशांत माझ्याकडे आला. सुरुवातीला लिहिलं ते त्याचं पहिलं वाक्य. कामाचं वाक्य नंतर आलं.

"गणेशच्या दहाव्याला चेअरमनसाहेब येणार आहेत. तुम्ही दोन शब्द बोला. एवढंच सांगा की तुम्ही माईकवरून पोरांना बसायला सांगत होता आणि त्यांनी ऐकलं नाही. लोक तुमचा शब्द मानतात." मग खाली बघत, "आणि बाई, तुमच्याही दृष्टीनं तेच बरं नाही का? उगाच कुणी काही म्हणायला नको. तेजूच्या नावानं कॉलेजात वाचनालय करू, असं साहेब म्हणालेत."

मी चहाचं बोलले ते त्यानंतर. हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. तो हो समजून गेला, आणि त्यानं तसं समजावं हे मला चाललं. तो गेल्यावर मी चहा मोरीत ओतला.

तुमच्या आईचा फोन आला. ती रडत होती. म्हणाली, "आई, तू कुठे काही बोलू नकोस. मी विमानाचं तिकीट अलीकडचं करते. इकडे आलीस की संपलं." मी बॅग काढली. तुमच्यासाठी लाडू करायचे म्हणून डाळ भाजली. शेजारच्या गल्लीत कमलची चूल थंड होती आणि माझ्या घरातून तूप-बेसनाचा वास बाहेर जात होता. तेव्हासुद्धा मी खिडकी लावली, आणि भाजत राहिले.

जायच्या आधी सोनालीला भेटून यावं, एवढं मनात होतं. ती नगरला हॉस्पिटलात होती. गळ्याजवळचं हाड आणि बरगड्या मोडल्या होत्या. मी मोसंबी घेऊन गेले. मला बघून ती उठायला गेली. त्या अवस्थेत. बाई आल्या म्हणून.

"पडून राहा," मी म्हणाले.

"बाई, एवढ्या लांब कशाला आला तुमी? उन्हाचं?"

मी मोसंबी सोलत बसले. तिनं आपण होऊनच सांगितलं. तिला कुणाला तरी सांगायचं होतं.

"तेजूला यायचं न्हवतं, बाई. पायऱ्यांवर गार लागत हुतं. मी पन म्हनले, हितूनच बघू, तिकडं लई ऊन हाय. मग तुमचा आवाज आला. ती लगीच उठली. म्हनली, बाई बोलावत्यात, चल."

मी विचारलं, "पोलिसांना हे सांगितलंस?"

"पुकारा झाला म्हनून सांगितलं. कुनी केला ते न्हाई सांगितलं." शेजारच्या वॉर्डात तिच्याच बरोबरची मुलं होती. तिकडे तिनं मानेनं खूण केली. "आमी कुनीच न्हाई सांगितलं. तुमचं नाव कसं घ्यायचं, बाई?"

मोसंबीची फोड माझ्या हातात राहिली.

आतापर्यंत काय झालं ते सांगितलं. आता काय वाटलं ते. मला वाटलं की मी पुन्हा तात्यांच्या अंगणात उभी आहे. पण या वेळी मी पायऱ्यांच्या खाली नव्हते, वर होते. खाली ही मुलं होती, मोडलेल्या हाडांची. तात्यांनी आम्हाला जे शिकवलं ते मी या मुलांना शिकवून ठेवलं होतं: वर बसलेल्याचं नाव घ्यायचं नाही. मी त्याला शिस्त म्हणत आले. हाक आली की उठायचं, रांगेत यायचं, का ते विचारायचं नाही. मी स्वतः कधी विचारलं होतं का? प्रशांतला मी विचारायला हवं होतं, गेटकडे कशाला? एक प्रश्न. तो सुचण्याएवढंही शिक्षण माझ्या चार पदव्यांनी मला दिलं नव्हतं. मला म्हटलं होतं, म्हण. मी म्हटलं.

एस.टी.तून उतरले आणि घरी न जाता कमलकडे गेले. ती दारात तांदूळ निवडत होती. नुसते निवडत होती; सुपातले तांदूळ केव्हाच स्वच्छ झाले होते.

"कमल," मी म्हणाले, "मोठ्या गेटकडे या असं मी सांगितलं होतं. माईकवरून. तो माझा आवाज होता."

तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"पहिल्याच दिशी कळलं. पोरं बोलत हुती आपसात." मग म्हणाली, "मला वाटायचं, बाई येतील सांगायला. रोज वाटायचं. तुमी डबा पाठवला. तुमी न्हाई आला."

मी तोंड उघडलं. माफीचा शब्द जिभेवर होता.

"ते नगा बोलू," ती म्हणाली. "ते घेऊन मी काय करू? माझी पोरगी दंगा करत न्हवती, एवढं बोला. समद्यांम्होरं बोला. टीव्हीवाले म्हनत्यात पळत सुटली. माझी तेजू पळत न्हवती, बाई. तुमालाच ठावं हाय ते. दुसऱ्या कुनाला ठावं हाय?"

तिनं सूप पुन्हा हलवायला घेतलं, म्हणजे जा असं सांगितलं.

दहावा सकाळी नदीकाठच्या घाटावर होता. आमच्या भागात दहाव्याला एका बाजूला विधी चाललेला असतो आणि दुसऱ्या बाजूला माईकवर श्रद्धांजलीची भाषणं. पुढारी घड्याळ बघत येतात, बोलतात, पुढच्या दहाव्याला जातात. घाट भरला होता. आमच्या वस्तीतली माणसंही आली होती, वरच्या उतारावर उभी होती. पांढऱ्या साडीत कमल होती. पुढे खुर्च्या मांडल्या होत्या. चेअरमन पहिल्या खुर्चीवर. त्यांच्या शेजारची खुर्ची प्रशांतनं रुमालानं पुसली आणि मला हातानं खूण केली.

इतक्या वर्षांत माझी खुर्ची पहिल्यांदा चेअरमनांच्या शेजारी होती. मी बसले नाही.

प्रशांत माईकवर म्हणाला, "त्या दुर्दैवी दिवशी ज्यांनी शेवटच्या क्षणापर्यंत मुलांना शांत बसण्याचं आवाहन केलं, त्या आपल्या सर्वांच्या लाडक्या बाई आता श्रद्धांजली वाहतील." खोटं बोलून झालंच होतं. मी फक्त त्यावर गप्प राहायचं होतं.

मी माईक घेतला.

"प्रशांतनं आत्ता सांगितलं ते खोटं आहे. मी मुलांना बसा म्हटलं नाही. मुलं बसलेलीच होती. मी त्यांना उठवलं. मोठ्या गेटकडे बोलावलं. गेटात जेसीबी उभे आहेत हे मला दिसत होतं. ड्रोनमध्ये जागा मोकळी दिसत होती, म्हणून प्रशांतनं मला बोलवायला सांगितलं. मुलं पळाली नाहीत. दंगा केला नाही. चालत आली. मी शिकवलं तशी..."

माईक बंद झाला. कुणीतरी वायर काढली.

चेअरमन शांतपणे म्हणाले, "बाईंना त्रास होतोय. वय झालंय त्यांचं. बसवा कुणीतरी." एकानं माझं कोपर धरलं. चेअरमन माझ्याकडे वाकून, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "तात्यांनी तुम्हाला उभं केलं, बाई. एवढं तरी विसरू नका."

"विसरले नाही," मी म्हणाले. "पायऱ्यांच्या खाली उभं केलं होतं."

मी कोपर सोडवून घेतलं. घाटावर कुजबुज सुरू झाली होती. पाण्याच्या कडेला नाना उठून उभे राहिले. डोकं भादरलेलं, ओलं धोतर, हात जोडायला जावेत तसे अर्धवट वर.

"बाई, परत सांगा. हितवर न्हाई आलं ऐकू."

मी परत सांगितलं. माईकशिवाय, वर्गात बोलते तसं. शेवटच्या बाकापर्यंत. सगळं पहिल्यापासून. टाळ्या वाजवल्या तेही सांगितलं.

मागून एक तरुण पोरगा ओरडला, "म्हंजी तुमीच मारली की पोरं!"

"मी बोलावलं म्हणून ती गेली," मी म्हणाले. "होय. पण मी एकटीनं नाही. गेटात यंत्रं कुणी उभी केली ते विचारा. गर्दी दिसावी म्हणून मुलं कुणाला हवी होती ते विचारा. मला विचारलंत तसंच, मोठ्यानं विचारा."

कुणी विचारलं नाही. त्या सकाळी नाही. चेअरमन उठून गाडीकडे गेले आणि त्यांच्यासाठी वाट झाली. नेहमीसारखी. नाना खाली बसले आणि त्यांनी गुडघ्यांत डोकं घातलं. मी उताराकडे बघितलं. कमल बायकांबरोबर परत निघाली होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही. तिनं पाहायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. तिनं मागितलेलं मी दिलं, त्यात माझं काही देणं फिटलं नाही.

घाटावरून मी सरळ पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "बाई, एकदा विचार करा. हे लिहून घेतलं तर यात तुमचंही नाव येतं."

"म्हणूनच आले," मी म्हणाले.

तिथून हॉस्पिटलात गेले. सोनालीला म्हणाले, "पोलीस परत येतील. पुकारा कुणी केला, माझं नाव सांग." ती रडायला लागली. म्हणाली, "नगं बाई, तुमी म्हाताऱ्या हाय." मी तिच्यावर ओरडले. हॉस्पिटलात, आजारी पोरीवर. शिक्षिका म्हणून दिलेला तो माझा शेवटचा हुकूम. यापुढे तिनं माझं ऐकू नये, माझ्याशी वाद घालावा, इतकंच मला तिच्याकडून हवं आहे.

आता वस्तीतली काही माणसं माझ्याशी बोलत नाहीत. एका घरातून माझा डबा परत आला. बरोबर आहे त्यांचं. संस्थेच्या वकिलाची नोटीस आली आहे. वयामुळे माझं डोकं ठिकाणावर नाही, असा तिचा साधारण अर्थ. प्रशांत रस्त्यात दिसला की मोबाईल कानाला लावतो. तेजूच्या नावाच्या वाचनालयाचं कुणी बोलत नाही, आणि बोललंच तर त्या दारात मी जाऊन आडवी उभी राहीन.

तुमच्यासाठी केलेले लाडू मी वाटून टाकले. बॅग रिकामी करून माळ्यावर टाकली आहे. तुमची आई म्हणते, तू तिथे एकटी काय करणार? मी इथून गेले तर पुकारा कुणाचा होता आणि कुणाच्या सांगण्यावरून झाला, हे सांगणारं या गावात पुन्हा कुणी उरणार नाही. पोरांनीच धाव घेतली, हे वाक्य खरं होऊन बसेल. म्हणून मी येत नाही. पुढच्या उन्हाळ्यातही नाही.

खटला उभा राहील तेव्हा मला साक्षीदार करतील की आरोपी, ते मला माहीत नाही. दोन्ही जागा माझ्या आहेत. व्यासपीठावर माझी खुर्ची नेहमी शेवटची असायची. कोर्टात मी सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहणार आहे. त्या दिवशी व्यासपीठावर बसलेल्या प्रत्येकाला माझ्या शेजारी यावं लागेल, आणि एकेकाचं नाव मी घेणार आहे. पूर्ण नाव. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं.